गायकवाडवाड्यातून उरला गायक: पायथॉनच्या डॉक्समधलं एक वाक्य कसं सुधारावं

शेजारचा मुलगा कलाभवनात तिसऱ्या वर्षाला आहे. कलाभवन १८९० साली सुरू झालं. आज ती सयाजीराव विद्यापीठाची इंजिनिअरिंगची शाखा आहे, पण बडोद्यात तिला अजून कलाभवनच म्हणतात. या मुलाने दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांची यादी पायथॉनमध्ये घातली होती. प्रत्येक नावाच्या शेवटचा 'वाडा' काढून नुसतं आडनाव ठेवायचं, एवढंच काम. त्याने 'आरस्ट्रिप'ला, म्हणजे मजकुराच्या उजव्या टोकाची अक्षरं काढणाऱ्या आज्ञेला, 'वाडा' हा शब्द दिला. 'पवारवाडा'चं 'पवार' झालं. 'गायकवाडवाडा'चं मात्र 'गायक' उरलं.

"काकू, पायथॉनमध्ये बग आहे," तो आल्या आल्या म्हणाला.

बग नव्हता. आरस्ट्रिपला दिलेला मजकूर ही शेपटी नसते, तो सुट्या अक्षरांचा संच असतो. इथे व, काना आणि ड. उजवीकडून या तिघांपैकी जे जे भेटेल ते काढत ते पुढे सरकतं. 'पवार'मधल्या 'र'पाशी ते थांबलं, 'गायकवाड'मध्ये थेट 'क' लागेपर्यंत थांबलं नाही. शेपटी तोडायची असेल तर 'रिमूव्हसफिक्स' हे वेगळं मेथड (आज्ञा) आहे. ते ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या ३.९ आवृत्तीपासून मिळतं.

"पण हे लिहिलंय कुठे?"

त्याने वाचलेलं पायथॉनच्या डॉक्सचं, म्हणजे अधिकृत माहितीपुस्तिकेचं, पान उघडून पाहिलं. लिहिलं होतं, एका वाक्यात, स्पष्ट. तीनदा वाचूनही ते त्याच्या नजरेतून निसटलं होतं. शिवाय गुगलवरून तो ज्या पानावर पोचला होता ते ३.८ आवृत्तीचं होतं. ताज्या पानावर त्याच वाक्याखाली रिमूव्हसफिक्सचा उल्लेख आहे आणि 'मॉन्टी पायथॉन' या शब्दांवर दोन्ही चालवून उत्तरं शेजारी शेजारी ठेवली आहेत. एकात नुसतं पहिलं अक्षर उरतं, दुसऱ्यात 'मॉन्टी'. ते उदाहरण पाहिलं असतं तर गायकवाडांचा गायक झाला नसता.

ही उदाहरणं कोण लिहितं, असं त्याने विचारलं, तेव्हा "तुझ्यासारखेच कोणी" असं मी म्हणाले आणि त्याला ते खरं वाटलं नाही. डॉक्समधलं वाक्य कसं सुधारायचं, हे त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी सविस्तर लिहिते आहे. मी पायथॉनचंच उदाहरण घेणार, कारण तिथली वाट मला ठाऊक आहे. रस्ट, गो किंवा जावास्क्रिप्टकडे गेलात तर फाइलींची नावं आणि नियम बदलतील, वाक्याकडे बघायची रीत तीच राहील.

अडखळलात, तिथेच नोंद करा

डॉक्स सुधारण्यासाठी भाषेचा तज्ज्ञ असावं लागतं, ही समजूत आधी काढून टाका. तज्ज्ञाला ते वाक्य खटकतच नाही. त्याला उत्तर आधीच माहीत असतं, त्यामुळे वाक्यातली फट तो नकळत स्वतःच्या ज्ञानाने बुजवतो. नवख्याला ती फट दिसते, आणि तीही थोडेच दिवस. एकदा उलगडा झाला की दोन दिवसांत आपल्यालाही ते वाक्य 'तसं बरोबरच आहे' वाटू लागतं.

म्हणून एक वही ठेवा. पान कुठलं, आवृत्ती कुठली, वाक्य कुठलं. पहिल्यांदा वाचल्यावर मला काय वाटलं. प्रत्यक्षात काय झालं. तीन ओळी पुरतात. यातली मधली ओळ सोन्याची आहे. पुढे दुरुस्ती पाठवताना "हे वाक्य गोंधळाचं आहे" असं लिहिलंत तर समोरचा काय करणार? "हे वाचून मला वाटलं की दिलेला शब्द जसाच्या तसा शेवटून काढला जाईल" असं लिहिलंत तर त्याला दुखणं लगेच समजतं.

आपल्याला, म्हणजे इंग्रजी शाळेत शिकून का होईना पण मराठीत विचार करणाऱ्यांना, इथे एक फायदाच आहे. जन्मापासून इंग्रजी बोलणारा माणूस ज्या वाक्यावरून सहज पुढे जातो, त्यातला 'इट' नेमका कोणाबद्दल आहे, हे आपल्याला थांबून शोधावं लागतं. हे थांबणं कमीपणाचं नाही. हे डॉक्स वाचणारे जगभरातले कितीतरी लोक आपल्यासारखेच थांबत थांबत वाचतात.

दोष वाक्याचाच आहे ना?

नोंद झाली की लगेच दुरुस्ती लिहायला बसू नका. आधी पानाच्या वरच्या कोपऱ्यातून सगळ्यात नवी आवृत्ती निवडा. अजून प्रसिद्ध न झालेली, 'डेव्ह' असं लिहिलेली आवृत्तीही बघा. पुष्कळदा कोणीतरी ते आधीच नीट केलेलं असतं, जसं गायकवाडवाड्याच्या बाबतीत झालं.

मग गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर सीपायथॉनच्या, म्हणजे पायथॉनच्या मूळ अंमलबजावणीच्या, रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) इश्यू, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी, शोधा. पायथॉनचा कोड २०१७ साली गिटहबवर आला, पण इश्यू २०२२ पर्यंत वेगळ्या ट्रॅकरवर होते, नंतर ते सगळे गिटहबवर आणले गेले. त्यामुळे जुन्या चर्चांत 'बीपीओ' असं अक्षर जोडलेले आकडे दिसतील. ते त्या जुन्या ट्रॅकरचे क्रमांक. दहा वर्षांपूर्वीची चर्चा सापडली तर ती शेवटपर्यंत वाचा. तुमच्या मनात आलेलं वाक्य कोणीतरी सुचवलेलं असेल आणि ते का नको याचं कारणही तिथेच दिलेलं असेल.

वाक्यावर विश्वास ठेवू नका, चालवून बघा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि तुम्हीही घालवावा.

मजकुरात नमुने शोधणाऱ्या 'आरई' मोड्यूलमध्ये 'बॅकस्लॅश डब्ल्यू' ही खूण आहे. शब्दात येणारं एक अक्षर, असा तिचा ढोबळ अर्थ. जुन्या आवृत्त्यांच्या पानावर तिचं वर्णन साधारण असं होतं: कुठल्याही भाषेतल्या शब्दात येऊ शकणारी बहुतेक अक्षरं, शिवाय आकडे आणि अंडरस्कोर. वाचायला सोपं, आश्वासक. आता या खुणेपुढे अधिकचं चिन्ह (म्हणजे अशी एक किंवा अनेक अक्षरं) लावून तिला 'मांडवी' हा शब्द द्या आणि काय सापडतं ते बघा. 'म' आणि 'डव' असे दोन तुकडे हाती येतात. काना, अनुस्वार, वेलांटी, तिन्ही गळून पडतात.

कारण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, 'म' हे अक्षर 'लेटर' गटात आहे आणि काना-मात्रा-वेलांट्या 'मार्क' नावाच्या वेगळ्या गटात. पायथॉनची ही खूण मार्क गटाकडे बघतच नाही. म्हणजे "कुठल्याही भाषेतली बहुतेक अक्षरं" हे वाक्य लिहिताना 'बहुतेक' या एका शब्दाखाली आपली अख्खी बाराखडी झाकली गेली होती. लिहिणाऱ्याने खोटं काही लिहिलं नव्हतं. पण मराठी, हिंदी, गुजराती वाचकाला ते वाक्य वाचून जे वाटणार, ते चूकच असणार.

आता ताज्या पानावर काय आहे बघा. 'इजअल्नम' (अक्षर किंवा आकडा आहे का, हे सांगणारं मेथड) ज्यांना हो म्हणतं ती सगळी अक्षरं, शिवाय अंडरस्कोर. हे वाक्य जुन्याइतकं गोड नाही, पण ते तपासता येतं. 'वी'मधली वेलांटी इजअल्नमला विचारा, ते नाही म्हणेल, विषय संपला. खुणेच्या वागण्यात बदल न करता नुसते शब्द बदलले, आणि वाचकाच्या हातात अंदाजाऐवजी कसोटी आली. डॉक्समधली सुधारणा म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं की मी हेच उदाहरण देते.

त्याच जातीचं 'इजअल्फा', फक्त अक्षरंच आहेत का ते सांगणारं. 'नगर' या शब्दाला ते हो म्हणतं, 'बडोदा'ला नाही म्हणतं, कारण 'डो'मधला ओकार आणि 'दा'मधला काना. गंमत अशी की 'बडोदा' हे व्हेरिएबलचं नाव म्हणून पायथॉनला बिनतक्रार चालतं. इजअल्फाचं पान उघडाल तर युनिकोडचे कोणते गट अक्षर म्हणून धरले जातात ते एकेक करून सांगितलेलं आहे, आणि युनिकोडच्या मानकात 'अल्फाबेटिक' म्हणून जो गुणधर्म आहे तो हा नव्हे, असंही वर लिहिलं आहे. रूक्ष आहे, पण एक शब्द जास्त नाही आणि एक कमी नाही.

इथे एक भेद मनाशी पक्का करा. काना-मात्रा धरल्याच पाहिजेत असं तुम्हाला वाटत असेल (मलाही वाटतं) तर ती मागणी वेगळी आहे. ती वागणं बदलण्याची मागणी झाली, तिच्यासाठी वेगळा इश्यू, वेगळी चर्चा, वेगळी माणसं. डॉक्सच्या दुरुस्तीत ती मिसळलीत तर दोन्ही अडकतात. डॉक्स सुधारताना आपण एकच प्रश्न विचारायचा: आज हे जे करतं, ते हे वाक्य खरंखुरं सांगतं का?

चालवून बघताना मराठी मजकूर हाताशी ठेवा. आपल्या लिपीत इंग्रजीत कधीच न दिसणाऱ्या फटी दिसतात. मजकुराची संख्या करणाऱ्या 'इंट'ला '५२' हे देवनागरी आकडे द्या, ते मुकाट्याने बावन्न घेतं. लांबी मोजणाऱ्या 'लेन'ला 'मराठी' द्या, उत्तर पाच येतं, कारण म, र, काना, ठ, वेलांटी असे पाच कोडपॉइंट (युनिकोडचे क्रमांक) मोजले जातात. शाळेत आपण तीन अक्षरं मोजली असती. एखाद्या पानावर 'कॅरेक्टर' हा शब्द वाचलात की तो कोणत्या अर्थाने आला आहे, हे असं तपासायचं.

आता वाक्य लिहा

मूळ वाक्य वहीत उतरवा. त्याच्याखाली तुमचं. मग दोन्हींत कोणते शब्द वेगळे आहेत ते अधोरेखित करा. अधोरेखित शब्द दहापेक्षा जास्त झाले तर बहुधा तुम्ही दुरुस्ती सोडून नव्याने लिहायला लागला आहात.

मी हे चुकून शिकले. माझी पहिली दुरुस्ती पाठवताना मी एका मोड्यूलचं अख्खं पान 'नीट' केलं होतं. जिथे जिथे मला अधिक चांगलं वाक्य सुचलं तिथे ते घातलं. दोन शनिवार-रविवार त्यात गेले. पायथॉनकडून दुरुस्त्या तपासणाऱ्याने फार सौजन्याने लिहिलं की यातले तीन बदल स्पष्टच उपयोगी आहेत, बाकीचे आवडीनिवडीचे आहेत, आणि एका ठिकाणी अर्थच बदलला आहे. तीन बदलांची वेगळी छोटी दुरुस्ती पाठवा. पाठवली, आणि ती स्वीकारली गेली. अर्थ बदलला होता ते मला शेवटपर्यंत दिसलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं. कारण तसं छापून गेलं असतं तर कोणीतरी त्यावर भरवसा ठेवून कोड लिहिला असता.

कारण स्टँडर्ड लायब्ररीच्या, म्हणजे पायथॉनसोबतच येणाऱ्या कोडच्या, डॉक्समधलं वाक्य हे वचन असतं. डिक्शनरीत (नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या संग्रहात) घातलेल्या गोष्टी घातल्या त्याच क्रमाने मिळतात, हे २०१६ च्या ३.६ आवृत्तीत प्रत्यक्षात होत होतं, पण ते सीपायथॉनच्या बांधणीतलं एक अंग होतं. भाषेने त्याची हमी दिली ती ३.७ पासून, २०१८ साली. चालवून बघितलं तर दोन्हींत एकच उत्तर, वाक्यं मात्र वेगळी हवीत. एकात 'सध्या असं होतं', दुसऱ्यात 'असंच होईल'. तुमच्या दुरुस्तीने पहिल्याचं दुसरं होत असेल, तर ती भाषा घडवणाऱ्यांचा निर्णय झाला, तुमचा-माझा नाही. इश्यू उघडा आणि आधी विचारा.

इंग्रजीत याचं वजन 'मे', 'कॅन', 'शुड', 'मस्ट' या चार छोट्या शब्दांवर असतं. 'मे' सगळ्यात घातक. 'अपवाद येऊ शकतो' आणि 'तुम्ही हे देऊ शकता' हे दोन्ही त्यात मावतं. वाक्यात 'मे' दिसला की विचारा: परवानगी की शक्यता? परवानगी असेल तर 'कॅन' चालतो. शक्यता असेल तर ती केव्हा, हे सांगता येतं का बघा. सांगता आलं तर 'मे' निघूनच जातो.

'पर्यंत'चा घोळ आपल्याला घरचाच आहे. "शुक्रवारपर्यंत सुट्टी" म्हटल्यावर शुक्रवारी शाळा आहे की नाही, यावरून घराघरात वाद होतात. दोन संख्यांमधली कुठलीही एक संख्या देणारं 'रँडइंट' शेवटची संख्या धरतं, क्रमाने संख्या देणारं 'रेंज' आणि त्यातून एक उचलणारं 'रँडरेंज' धरत नाहीत. रँडइंटच्या पानाने हा प्रश्न शब्दांत सोडवायचा प्रयत्नच केलेला नाही: मिळणारी संख्या पहिलीहून मोठी किंवा तेवढीच, दुसरीहून लहान किंवा तेवढीच, असं सरळ गणिताच्या चिन्हांत लिहून टाकलं आहे. जिथे चिन्ह शब्दाहून स्वच्छ असेल तिथे चिन्ह घ्या.

नकाराचंही तसंच. "सगळी मुलं आली नाहीत" याचे मराठीत दोन अर्थ होतात, इंग्रजीतही होतात. शक्य तिथे होकारार्थी लिहा. पायथॉनच्या लेखनपद्धतीतही हेच सांगितलं आहे: गोष्ट काय करते आणि ती नीट कशी वापरावी, ते सांगा. सुरक्षेचा प्रश्न नसेल तर 'हे धोक्याचं आहे', 'हे जाणकारांसाठीच' असली घाबरवणारी भाषा टाळा. 'नोट' आणि 'वॉर्निंग'च्या चौकटीही जपून. पानावर पाच चौकटी असल्या की वाचक एकही वाचत नाही.

मग संज्ञा. बडोदे संस्थानाने १९३१ साली 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू' प्रसिद्ध केला. त्यात राज्यकारभारातला एकेक शब्द इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत अशा आठ भाषांत शेजारी शेजारी मांडलेला आहे. ज्या गावाने कचेरीतल्या शब्दांसाठी एवढा खटाटोप केला, तिथल्या आपण 'इटरेबल' आणि 'इटरेटर' यांची गल्लत करावी हे बरं दिसत नाही. ज्यावर फिरता येतं ते इटरेबल. जे एकेक गोष्ट देत देत संपून जातं ते इटरेटर. क्रमांक सांगून जिच्यातली गोष्ट उचलता येते ती सीक्वेन्स. क्रमाने लावून देणाऱ्या 'सॉर्टेड'ला कुठलाही इटरेबल चालतो, म्हणून पानावर 'लिस्ट द्या' असं लिहिलं तर वाचक उगाच आधी लिस्ट बनवत बसेल. कुठलीही एक गोष्ट उचलून देणाऱ्या 'रँडम चॉइस'ला मात्र सीक्वेन्सच हवा, सेट दिला की टाइपएरर येतो. तिथे 'इटरेबल' लिहिणं म्हणजे वाचकाला खड्ड्यात पाठवणं. पायथॉनच्या डॉक्समध्ये ग्लॉसरीचं स्वतंत्र पान आहे. शंका आली की त्यातला शब्द घ्या, आपला घडवू नका. आणि एकाच पानावर एकाच गोष्टीला दोन नावं देऊ नका, शाळेत निबंधाच्या बाईंनी कितीही सांगितलं असलं तरी.

आणखी दोन बारीक गोष्टी. फंक्शनचं वर्णन आज्ञार्थी क्रियापदाने सुरू होतं: 'रिटर्न', 'रिटर्न्स' नव्हे. आणि 'उदाहरणार्थ', 'म्हणजे' यांसाठीचे लॅटिन संक्षेप टाळून पूर्ण इंग्रजी शब्द लिहायचे. हे आपल्यासारख्या वाचकांसाठीच केलेलं आहे.

वाक्य तयार झालं की मोठ्याने वाचा. मग ज्याला तो विषय माहीत नाही अशा कोणाला तरी द्या आणि 'यातून काय कळलं' ते त्याच्या शब्दांत, मराठीत, सांगायला लावा. आमच्याकडे रविवारी सकाळी चार-पाच मुलं जमतात, ती एकमेकांवर हेच करतात. मराठीत सांगताना जीभ जिथे अडते, तिथे इंग्रजी वाक्यात अजून काहीतरी राहिलेलं असतं. हा उपाय मला कधी फसवत नाही.

फाइल, बांधणी, पाठवणी

हा भाग वाटतो तेवढा अवघड नाही, म्हणून भराभर सांगते.

पानावर 'शो सोर्स'चा दुवा असतो, तिथून कळतं की मजकूर कुठल्या फाइलमध्ये आहे. रिपॉझिटरीत 'डॉक' नावाचं फोल्डर, त्यात 'लायब्ररी', त्यात मोड्यूलगणिक आरएसटी फाइल. स्ट्रिंगची सगळी मेथड्स 'एसटीडीटाइप्स'मध्ये सापडतील, इनबिल्ट फंक्शन्स 'फंक्शन्स'मध्ये. लिहिण्याची पद्धत रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट, आणि त्यातून पानं बनवतं ते स्फिंक्स. स्फिंक्सचा जन्मच पायथॉनच्या डॉक्ससाठी झाला, २००८ साली.

'हेल्प' लिहिल्यावर टर्मिनलमध्ये जे दिसतं ते या फाइलींतून येत नाही. ती डॉकस्ट्रिंग, कोडच्या फाइलीत असते. दोन्ही वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात आणि हळूहळू एकमेकींपासून लांब जातात. एक दुरुस्त केलीत की दुसरी उघडून बघा. पण डॉकस्ट्रिंग सी भाषेतल्या कोडमध्ये असेल तर पहिल्याच खेपेला तिला हात लावू नका. तिथे यंत्राने बनवलेल्या फाइलीही बदलाव्या लागतात.

एका शब्दाची चूक असेल तर गिटहबच्या पानावर पेन्सिलीच्या खुणेवर टिचकी मारून ब्राउझरमध्येच बदल करता येतो. वाक्य असेल तर रिपॉझिटरी फोर्क करून (स्वतःची प्रत काढून) आपल्या मशिनवर आणा, नवी ब्रँच (बदलांची वेगळी फांदी) काढा. दुरुस्ती नेहमी 'मेन' या मुख्य फांदीवर जाते, जुन्या आवृत्तीवर नव्हे. आरएसटीत कोडचा तुकडा दुहेरी बॅकटिकमध्ये घालतात, मार्कडाउनसारखा एकेरीत नाही. आतला मजकूर तीन स्पेस सोडून. आणि हे जरूर लक्षात ठेवा: मधला शब्द बदलला म्हणून पुढच्या सगळ्या ओळी पुन्हा सारख्या भरत बसू नका. ओळ थोडी तोकडी राहिली तर राहू द्या. परिच्छेद नव्याने भरलात तर तपासणाऱ्याला आठ ओळी लाल-हिरव्या दिसतात आणि त्यातला एक बदललेला शब्द त्याला शोधावा लागतो.

'डॉक' फोल्डरमध्ये जाऊन 'मेक व्हीएन्व्ह' आणि मग 'मेक एचटीएमएल' चालवा, पानं तयार होतील. आपलं पान ब्राउझरमध्ये उघडून डोळ्यांनी बघा. 'मेक चेक' चालवलं की बॅकटिकसारख्या चुका ते दाखवतं. उदाहरण घातलं असेल तर त्यातलं उत्तर हाताने लिहू नका, चालवून आलेलंच चिकटवा.

मग पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'हा बदल घ्या' अशी विनंती. इश्यू असेल तर शीर्षकाच्या सुरुवातीला 'जीएच', आडवी रेघ आणि इश्यूचा क्रमांक. नुसती स्पेलिंगची चूक असेल तर इश्यूची गरज नसते. वाक्याचा अर्थ हलत असेल तर मी आधी इश्यू उघडते. वर्णनात वहीतल्या त्या तीन ओळी लिहा: वाक्य कुठलं, वाचून काय वाटलं, प्रत्यक्षात काय होतं. डॉक्सच्या बदलाला 'न्यूज'ची, म्हणजे बदलांच्या यादीतली, नोंद लागत नाही, तपासणारे त्याला 'स्किप न्यूज' असं लेबल लावतात. ते लागेपर्यंत एक चाचणी लाल दिसेल, तिने घाबरू नका. पहिल्यांदा पाठवत असाल तर कॉन्ट्रिब्यूटर अॅग्रीमेंटवर सही करायला एक बॉट सांगेल. ते एकदाच करायचं. चाचण्यांच्या यादीत रीड द डॉक्सचा दुवा येतो, त्यावर तुमच्या बदलासकट तयार झालेलं पान दिसतं. तो तपासणाऱ्याच्या आधी तुम्ही उघडा.

उत्तर येईपर्यंत, आणि आल्यावर

वाट बघावी लागते. कधी तासाभरात उत्तर येतं, कधी कित्येक आठवडे काहीच नाही. तपासणारी बरीच माणसं हे काम आपली नोकरी सांभाळून करतात. महिनाभर काही हालचाल नसेल तर नम्रपणे एक ओळ लिहावी, त्याआधी नको. रोज 'एनी अपडेट' लिहिणाऱ्यांची दुरुस्ती लवकर जाते असं मी कधी पाहिलेलं नाही.

उत्तर आलं की त्यात बहुधा तुमच्या वाक्यावर आणखी एक वाक्य असेल. ते तुमच्याहून आखूड असेल. घ्या. पटत नसेल तर का ते सांगा, पण चालवून आलेल्या उत्तराच्या आधारे; 'मला हे बरं वाटतं' याला तिथे वजन नाही. बदल मागितले गेले तर नवी कमिट (बदलाची नोंद) जोडत जा, जुनी पुसून ढकलू नका. शेवटी सगळ्या कमिट एकत्र करूनच मर्ज होतात, म्हणजे मूळ साठ्यात मिसळल्या जातात, आणि मधल्या राहिल्या तर तपासणाऱ्याला आधी काय होतं आणि आता काय झालं ते दिसतं. बदल झाले की बॉट सांगतो ते ठरलेलं वाक्य जसंच्या तसं कॉमेंटमध्ये लिहायचं, म्हणजे पाटी पुन्हा 'तपासणीच्या प्रतीक्षेत' अशी फिरते.

दुरुस्ती नाकारली गेली तर इश्यूत त्याचं कारण राहतं, आणि पुढे तिथेच अडखळणाऱ्याला ते सापडतं. माझ्या दोन नाकारल्या गेलेल्या दुरुस्त्यांचे दुवे मी मुलांना आवर्जून वाचायला देते. त्यातल्या एकीत तर माझ्या वाक्यापेक्षा नकाराचं उत्तरच विषय अधिक छान समजावतं.

मर्ज झाल्यावर ज्या जुन्या आवृत्त्यांची देखभाल चालू आहे त्यांच्यासाठी त्याच बदलाची प्रत काढली जाते. हे कामही बॉट करतो, तुम्हाला क्वचितच हात लावावा लागतो. म्हणजे तुमचं एक वाक्य दोन-तीन आवृत्त्यांच्या पानांवर बसतं.

शेजारच्या मुलाने वाड्यांची यादी रिमूव्हसफिक्सने पूर्ण केली. त्याच्या वहीत आता पुढची नोंद आहे: '²', म्हणजे वर्गासाठी डोक्यावर लिहितो तो छोटा दोन, याला 'इजडिजिट' (अंक आहे का, हे सांगणारं मेथड) हो म्हणतं, आणि तोच 'इंट'ला दिला की व्हॅल्यूएरर. मधल्या ओळीत त्याने लिहिलंय, "मला वाटलं इजडिजिट हो म्हणालं की इंटला चालेलच." ताज्या आवृत्तीचं पान वाचायचं अजून बाकी आहे.